तान्ह्या बाळाची झोप : उताणी की पालथी?



तान्ह्या मुलास कोणत्या अंगावर निजवावे, हा प्रश्न ग्रामपंचायत सदस्य, शिक्षक आणि शासकीय सेवक यांच्या बैठकीत घेण्याइतका मोठा आहे काय, अशी शंका काहींच्या मनात येणे स्वाभाविक आहे. नळपाणी योजना, शाळाखोल्या, पाणंद रस्ते या विषयांच्या पंक्तीत बाळाची झोप कोठे बसावी? परंतु सातारा आणि सांगली जिल्ह्यांतील गावी लसीकरणाच्या दिवशी अंगणवाडीच्या ओसरीवर जमलेल्या मातांच्या बोलण्याकडे जरा कान दिला, तर एक तक्रार हमखास ऐकू येते. बाळ उताणे ठेवले की दचकून उठते, हातपाय झाडते, रडून घर डोक्यावर घेते; तेच पालथे घातले की दोन-दोन तास हूं की चूं करीत नाही. ही तक्रार करणारी माता बहुधा रात्रभर जागलेली असते. शेजारी बसलेली आजी तिला समजावीत असते, "आगं, मग घाल की पालथं. पोटाला ऊब मिळती, वारा सरतो, झोपतंय निवांत."

आजीच्या या सल्ल्यामागे माया आहे, अनुभवही आहे; कारण पालथे घातलेले बाळ खरोखरच निवांत झोपते. तथापि ही निवांत झोपच काही बाळांच्या जिवावर बेतते, असे गेल्या चाळीस वर्षांतील वैद्यकीय संशोधनाने निःसंशय दाखवून दिले आहे. वर्षाच्या आतील प्रत्येक बाळास, रात्रीच्या झोपेस असो की दुपारच्या डुलकीस, पाठीवर म्हणजे उताणेच निजवावे, असा सल्ला आज जगभरचे बालरोगतज्ज्ञ देतात. सल्ला एका ओळीचा आहे. अडचण एवढीच की, बाळ तो ऐकत नाही. तेव्हा न ऐकणाऱ्या बाळाचे आणि थकलेल्या आईचे काय करावे, हाच आजचा खरा विषय होय.

हा विषय आजच का निघावा, यालाही कारण आहे. १९७१ साली भारतात जन्मणाऱ्या दर हजार बालकांपैकी १२९ बालके वर्षाच्या आत दगावत होती. नमुना नोंदणी पाहणीनुसार २०२० साली हे प्रमाण देशात २८ वर, तर महाराष्ट्रात १६ वर आले. धनुर्वात, अतिसार, न्यूमोनिया, उपासमार यांनी मुले जात होती, तेव्हा झोपेतील आकस्मिक मृत्यूकडे लक्ष जाणे शक्यच नव्हते. मोठी कारणे मागे हटू लागली की, त्यांच्या आड दडलेली लहान कारणे दिसू लागतात. शिवाय हे कारण टाळण्यास औषध लागत नाही, यंत्र लागत नाही, अंदाजपत्रकात तरतूदही लागत नाही.

पाळण्यावरचे चिमणाळे

आपल्याकडील जुनी चाल वस्तुतः बाळास उताणे निजवण्याचीच आहे. बारशाच्या दिवशी गोविंद घ्या, गोपाळ घ्या करीत बाळाला पाळण्याखालून-वरून फिरवून शेवटी पाळण्यात ठेवतात, ते उताणेच. पाळण्यावर रंगीत चिमण्यांचे चिमणाळे टांगतात. बाळ पालथे निजणार असते, तर त्याच्या डोक्यावर चिमण्या टांगण्याचे काही प्रयोजनच नव्हते. न्हाऊ घालताना बाळाला पायांवर पालथे घेऊन पाठ चोळतात, हे खरे. पण तेव्हा बाळ जागे असते आणि चोळणाऱ्या बाईचे दोन्ही हात त्याच्या अंगावर असतात. जागेपणी पालथे आणि झोपेत उताणे, हा भेद या जुन्या रिवाजात आपोआपच पाळला गेला होता.

पाश्चात्त्य देशांत मात्र मधल्या काळात उलटे घडले. डॉ. बेंजामिन स्पॉक यांच्या बालसंगोपनावरील पुस्तकाचा प्रभाव अमेरिकेतील दोन पिढ्यांवर होता. १९५० नंतरच्या दशकातील आवृत्त्यांपासून या पुस्तकाने बाळास पोटावर निजवण्याचा सल्ला दिला. उताणे बाळ ओकले तर ते घशात अडकेल, हे त्याचे मुख्य कारण होते. नेदरलँड्समध्ये १९७० च्या दशकाच्या आरंभी असाच सल्ला अधिकृतपणे देण्यात आला. पुढील वर्षांत या देशांमध्ये रात्री धडधाकट निजवलेली बाळे सकाळी मृत आढळण्याचे प्रमाण वाढत गेले. शवविच्छेदनातही कारण सापडत नसे. 'पाळण्यातील मृत्यू' असे नाव या प्रकाराला तेथे पडले.

याच सुमारास हाँगकाँगमधील एका डॉक्टरांनी १९८५ साली असे लक्षात आणून दिले की, तेथील चिनी कुटुंबांत हा मृत्यू अगदीच विरळा आहे आणि तेथे बाळास उताणे निजवण्याची चाल आहे. इंग्लंडमध्ये स्थायिक झालेल्या भारतीय उपखंडातील कुटुंबांतही, घरे दाटीची आणि मिळकत तुटपुंजी असूनही, असे मृत्यू आसपासच्या गोऱ्या कुटुंबांपेक्षा कमी आढळले. या घरांत बाळ आईच्या खोलीत, बहुधा उताणे झोपे, आणि स्त्रिया धूम्रपान करीत नसत. १९८७ साली नेदरलँड्सने आपला सल्ला फिरवला. न्यूझीलंड व ब्रिटनमध्ये १९९१ साली आणि अमेरिकेत १९९४ साली देशव्यापी मोहिमा निघाल्या. थोड्याच वर्षांत त्या त्या देशांतील या मृत्यूंची संख्या निम्म्याहून खाली आली. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यात असा अंदाज बांधण्यात आला की, १९७० पर्यंत उपलब्ध असलेला पुरावा तेव्हाच नीट तपासला गेला असता, तर युरोप, अमेरिका आणि ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडमध्ये मिळून किमान ५० हजार बाळांचे मृत्यू टळले असते. तज्ज्ञांचा चुकीचा सल्ला किती महाग पडतो, याचे याहून बोलके उदाहरण सापडणे कठीण.

सातारा-सांगलीच्या आजीला हे सारे सांगताना म्हणूनच तिच्या चालीरीतींना नावे ठेवण्याचे कारण नाही. "मावशी, तुमच्या पाळण्याची रीतच बरोबर होती, विलायतेतल्यांना ती उशिरा कळली," असे आशा कार्यकर्तीने म्हटले, तर ते अक्षरशः खरे आहे आणि आजीच्या कानात शिरण्याचीही शक्यता अधिक.

गाढ झोप चांगली की वाईट?

पालथे बाळ अधिक गाढ झोपते, ही मातांची समजूत चुकीची नाही. चूक आहे ती त्यातून काढलेल्या निष्कर्षात. लहान बाळाची झोप निसर्गतःच सावध असते. श्वास अडखळला, अंगाची उष्णता वाढली, नाकाशी कापड आले, की निरोगी बाळ चाळवते, मान वळवते, रडते. हे चाळवणे हाच त्याचा पहारा होय. पालथ्या स्थितीत हा पहारा ढिला पडतो. जागे होण्यास अधिक मोठे निमित्त लागते. त्यातच तोंड अंथरुणात रुतलेले असल्यास उच्छ्वासाची हवा तेथेच साचून बाळ तीच पुन्हा आत घेते आणि प्राणवायू कमी पडू लागतो. पोटाकडची बाजू दाबली गेल्याने अंगातील उष्णताही बाहेर पडत नाही. मोठ्या माणसाला अशा वेळी जाग येते. दोन-तीन महिन्यांच्या काही बाळांना ती येत नाही. असे मृत्यू दोन ते चार महिने या वयात सर्वाधिक होतात आणि बहुतेक सर्व सहा महिन्यांच्या आत होतात.

कुशीवर निजवणे हा मधला मार्ग काहींना सोयीचा वाटतो. परंतु कुशीवरचे बाळ झोपेत सहज पालथे होते. पाठीशी लोड किंवा दुपट्याची गुंडाळी लावली, तर तीच तोंडावर येण्याचा धोका असतो. म्हणून कुशीही नको.

उलटी घशात जाण्याची भीती सर्वांत खोल रुजलेली आहे आणि ती केवळ अशिक्षितांत आहे असेही नाही. शिक्षकांनी याबाबत शरीररचनेची एक साधी आकृती फळ्यावर काढून दाखवावी. श्वासनलिका पुढच्या बाजूस आणि अन्ननलिका तिच्या मागे असते. बाळ उताणे असताना श्वासनलिका वर आणि अन्ननलिका खाली येते. वर आलेले दूध उताराने पुन्हा अन्ननलिकेकडेच जाते. श्वासनलिकेत शिरण्यासाठी त्याला चढ चढावा लागतो. बाळ पालथे असताना मात्र अन्ननलिका वर आणि श्वासनलिका खाली होते. म्हणजे आजी ज्या संकटाला भिते, त्याची वाट पालथ्या स्थितीतच अधिक मोकळी होते. शिवाय घशाशी काही आले की, खोकून किंवा गिळून टाकण्याची उपजत शक्ती निरोगी बाळात असते. उताणे निजवण्याचा प्रचार झालेल्या देशांत गुदमरून मृत्यू वाढल्याचे आढळले नाही.

न ऐकणाऱ्या बाळाचे करावे काय?

बाळ उताणे निजण्यास नकार देते, त्याची कारणे समजून घेतली की निम्मे काम होते. आईच्या पोटात ते नऊ महिने हातपाय आखडून, चहूकडून आवळलेले असे होते. मोकळ्या अंथरुणावर उताणे ठेवताच त्याचे हात आपोआप फाकतात आणि ते पडल्यासारखे दचकते. ही जन्मजात प्रतिक्रिया असून चौथ्या महिन्याच्या सुमारास ती विरून जाते. दुसरे कारण म्हणजे मांडीवरची ऊब आणि थंड चादर यांतील फरक. तिसरे, पोटातील हवा. चौथे कारण आई-आजीने लावलेली सवय. खांद्यावर किंवा छातीवरच झोपण्याची सवय लागलेले बाळ सपाट अंथरुणावर कुरकुरणारच. यांपैकी एकही कारण असे नाही की, ज्यासाठी बाळाला पालथे घालावे लागेल. रडणे म्हणजे उताणे निजणे बाळाला अपायकारक असल्याची खूण नव्हे. तेवढा गैरसमज दूर झाला, तरी आईच्या मनावरचा भार हलका होतो.

उपाय घरगुतीच आहेत. दूध पाजल्यानंतर बाळाला दहा-पंधरा मिनिटे खांद्याशी उभे धरून ढेकर काढावी. ते पेंगुळले, पण पुरते झोपी गेले नाही, अशा वेळी अंथरुणावर ठेवावे. ठेवताना आधी ढुंगण, मग पाठ आणि शेवटी डोके टेकवावे. डोके आधी टेकवले की दचकणे ठरलेलेच. हात लगेच काढून घेऊ नये. तळहात बाळाच्या छातीवर हलकेच ठेवून, दुसऱ्या हाताने त्याचे दोन्ही हात छातीशी जुळवून घ्यावेत आणि थोडा वेळ तसेच बसावे. रडले तर उचलावे, शांत करावे आणि पुन्हा उताणेच ठेवावे. पहिल्या काही रात्री हे अनेकदा करावे लागेल. बहुतेक बाळे काही दिवसांत सरावतात. खांद्यावर किंवा पाळण्यात झोके घेता घेता बाळ झोपी गेले तरी बिघडत नाही. झोप लागल्यावर ते सपाट जागी उताणे ठेवले म्हणजे झाले. अंगाई आणि ओव्या यांचा या कामी किती उपयोग होतो, हे या जिल्ह्यांतील स्त्रियांना कोणी सांगायला नको.

दुपट्यात गुंडाळण्याची आपली रीतही दचकणाऱ्या बाळास उपकारक आहे. मात्र तीन गोष्टी सांभाळाव्यात. दुपटे छातीवर आवळू नये. पाय सरळ ताणून बांधू नयेत. गुडघे-मांड्या बेडकासारख्या दुमडता येतील इतकी ढिलाई असावी, नाही तर खुब्याच्या सांध्याला अपाय होतो. आणि बाळ कुशीवर वळण्याची धडपड करू लागताच गुंडाळणे थांबवावे. हात बांधलेले बाळ पालथे झाले, तर त्याला तोंड सोडवता येत नाही.

जागेपणी मात्र बाळाला दिवसातून दोन-तीन वेळा, प्रथम दोन-तीन मिनिटे आणि पुढे वाढवीत, सतरंजीवर पालथे ठेवावे आणि कोणीतरी समोर बसावे. मान आणि खांदे त्याने बळकट होतात. डोके मागून चपटे होईल, ही तक्रारही त्यामुळे बरीचशी मिटते. काही घरांत डोके गोल व्हावे म्हणून मोहरीची उशी देतात. तिची गरज नाही. एक दिवस बाळाचे डोके अंथरुणाच्या या टोकाला, दुसऱ्या दिवशी त्या टोकाला ठेवले की, दिव्याकडे किंवा दाराकडे पाहण्यासाठी ते आपणच मान आलटूनपालटून वळवते.

झोपेसाठी औषध देण्याचा मोह मात्र निक्षून टाळला पाहिजे. विसाव्या शतकाच्या आरंभी मुंबईच्या गिरण्यांत काम करणाऱ्या स्त्रिया पाळीवर जाताना तान्ह्या मुलांना अफूची 'बाळगोळी' देत, असे त्या काळच्या कामगारविषयक अहवालांत नमूद आहे. या गिरण्यांत साताऱ्याकडील कुटुंबेही मोठ्या संख्येने होती. बाळगोळी गेली, तिची जागा सर्दी-खोकल्याच्या गुंगी आणणाऱ्या औषधाने घेऊ नये. बाळाचे रडणे नेहमीहून वेगळे असेल, ते दूध ओढत नसेल, अंग तापले किंवा गार पडले असेल, हिरवी उलटी होत असेल, तर प्रश्न निजण्याच्या पद्धतीचा राहत नाही. त्याला तत्काळ प्राथमिक आरोग्य केंद्रात न्यावे.

बाळाची जागा कशी असावी, हेही येथेच सांगितले पाहिजे. जमिनीवर चटई आणि तिच्यावर ताणून घातलेली पातळ गोधडी, ही गरिबाघरची व्यवस्था जाड मऊ गादीपेक्षा अधिक सुरक्षित आहे. उशी, लोड, मऊ खेळणी आणि सुटी पांघरुणे बाळाजवळ नसावीत. बाळ आईच्या खोलीत, तिच्या हाताच्या अंतरावर, पण स्वतंत्र अंथरुणावर असावे. तीन-चार भावंडांसह एकाच वाकळीखाली तान्हे बाळ घेऊ नये. मद्य प्यालेल्या माणसाशेजारी तर कदापि नाही. जन्मानंतरच्या पहिल्या दिवसांत आणि वजन कमी असल्यास टोपडे आवश्यक असते. पुढे घरात झोपलेल्या बाळाला कुंची, स्वेटर, मोजे असा सारा साज नको. बाळाच्या मानेमागे हात लावून पाहावा. घाम असेल तर एक कपडा उतरवावा. पाटण-जावळीच्या पावसाळ्यात आणि जतच्या उन्हाळ्यात एकच नियम चालणार नाही, पण मानेमागचा हात दोन्हीकडे खरे सांगतो. बाळ-बाळंतिणीच्या खोलीत शेगडीचा व धुरीचा धूर कोंडू नये. घरात विडी-सिगारेट ओढली जाणे हे झोपेतील मृत्यूचे मोठे कारण ठरले आहे. आपल्याकडील अनेक स्त्रिया विडीला शिवत नाहीत, मात्र दातांना मशेरी लावतात. गरोदरपणी तंबाखूच्या या सवयीने बाळ कमी वजनाचे जन्मते आणि कमी वजनाच्या बाळाला झोपेतील धोका अधिक असतो.

दवाखान्यात पाहिलेले आणि घरी केलेले

एक गोंधळ खुद्द रुग्णालयांतूनच घरी येतो. अपुऱ्या दिवसांच्या बाळाला श्वास घेणे सोपे जावे म्हणून नवजात शिशू विशेष काळजी कक्षात काही वेळा पालथे ठेवतात. तेथे बाळाला यंत्र जोडलेले असते आणि परिचारिकेची नजर असते. काचेतून हे पाहिलेली आई घरी आल्यावर तसेच करते, आणि त्यात तिची चूक म्हणता येत नाही. डॉक्टरांनी केले ते योग्यच, असे तिला वाटणारच. तीच गोष्ट छातीला बाळ बांधून ऊब देण्याच्या कांगारू पद्धतीची. त्यात बाळ आईच्या छातीवर पोटाकडून असते. परंतु आई जागी असते, बाळ उभे असते, त्याची मान वळवलेली व नाक मोकळे असते. दोहोंतील फरक घरी सोडतानाच मातेला आणि सोबतच्या आजीला स्पष्ट सांगितला गेला पाहिजे. घरी जाण्यापूर्वीचे काही दिवस बाळाला कक्षातच उताणे निजण्याची सवय लावली, तर तोंडी सूचनेपेक्षा तिचा परिणाम अधिक होतो.

माहेरचे बाळ सासरी येते तेव्हा

एकेकाळच्या सातारा जिल्ह्याचा दक्षिण भाग आणि शेजारच्या संस्थानांचा मुलूख मिळून १९४९ साली दक्षिण सातारा जिल्हा झाला. १९६० साली त्यालाच सांगली हे नाव मिळाले. जिल्हे दोन झाले तरी सोयरीक तुटली नाही. कराडची लेक वाळव्यात आणि विट्याची लेक खटावात, हा व्यवहार आजही चालू आहे. पहिले बाळंतपण माहेरी होते आणि साधारण तीन महिन्यांनी, कोठे पाचव्या महिन्यात, बाळंतीण सासरी येते. आरोग्य खात्याने या रिवाजाकडे अधिक बारकाईने पाहण्याची गरज आहे.

दवाखान्यात जन्मलेल्या बाळाच्या घरी आशा कार्यकर्ती तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी भेट देते. घरोघरी नवजात बालकाची काळजी घेण्याच्या या कार्यक्रमामागे डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांचे गडचिरोलीतील काम आहे. २०११ पासून तो देशभर राबवला जात आहे, ही महाराष्ट्राला भूषणावह गोष्ट होय. २०१८ पासून त्याला जोडून तिसऱ्या, सहाव्या, नवव्या, बाराव्या आणि पंधराव्या महिन्यातील भेटी सुरू झाल्या. परंतु बेचाळिसावा दिवस आणि तिसरा महिना यांच्यामध्ये गृहभेट नाही. झोपेतील धोक्याचे शिखर सुरू होते ते नेमके याच काळात. आणि तिसऱ्या महिन्याच्या भेटीच्या सुमारास बाळ गाव बदलते. माहेरच्या आशेच्या वहीतले नाव सासरच्या वहीत चढेपर्यंत दिवस जातात.

याहून गंभीर बाब दुसरी आहे. सदैव उताणे निजलेले बाळ एखाद्या दिवशी प्रथमच पालथे घातले गेले, तर त्याचा धोका सवयीने पालथे निजणाऱ्या बाळापेक्षाही कितीतरी पट वाढतो, असे अभ्यासांतून दिसून आले आहे. माहेरी तीन महिने उताणे निजलेले बाळ सासरी आले, प्रवासाने किरकिरू लागले आणि थकलेल्या सुनेला विश्रांती मिळावी म्हणून सासूबाईंनी मायेने त्याला पालथे घातले, तर कोणाचाही दोष नसताना घात होऊ शकतो. आई शेतावर गेल्यावर बाळ सांभाळणारी थोरली बहीण, शेजारीण, पाळणाघरातील ताई यांच्या बाबतीतही हेच. म्हणून "आमचं बाळ उताणंच निजतं, आत्याबाई," हे वाक्य पाठवणीच्या सामानाबरोबर सासरी गेले पाहिजे. आणि ते सुनेने एकटीने न बोलता तिच्या आईने विहिणीला सांगितले, तर अधिक बरे.

गृहभेट नसली, तरी लसीकरण आहेच. दीड, अडीच आणि साडेतीन महिने या तिन्ही वेळा बाळ सत्राच्या ठिकाणी येते. "काल रात्री बाळ कसे निजवले होते?" हा एक प्रश्न आरोग्यसेविकेने त्या वेळी विचारावा. "कसे निजवता?" असे विचारले की अपेक्षित उत्तर मिळते, कालची रात्र विचारली की खरे उत्तर मिळते. सोबत आजी आली असेल तर तिलाच विचारावे. ग्राम आरोग्य, पोषण व स्वच्छता समितीवरील पंचायत सदस्यांनी परगावाहून आलेल्या बाळांची नावे आशेला त्याच आठवड्यात कळतील, एवढे पाहिले तरी पुष्कळ झाले.

उसाच्या फडातील झोळी

कृष्णाकाठी रेठरे बुद्रुक, साखराळे यांसारख्या कारखान्यांच्या परिसरात गळीत हंगाम सुरू झाला की, बीड जिल्ह्यातून आणि जतसारख्या दुष्काळी तालुक्यांतून ऊसतोड मजुरांच्या टोळ्या येतात. त्यांची तान्ही मुले पहाटेच्या थंडीत फडावर जातात. बांधावरच्या झाडाला लुगड्याची झोळी बांधून बाळ तीत घालतात. साप, मुंग्या, कुत्री आणि उसाची गाडी यांपासून ते तेथे वाचते. अशा आईला झोळी वापरू नका असे सांगणे म्हणजे बाळ पाचटावर ठेवा असे सांगणे होय. झोळीत धोका आहे तो कापड तळाशी निमुळते झाले, म्हणजे बाळाची हनुवटी छातीवर येऊन श्वास कोंडतो याचा, आणि कापड तोंडावर मिटण्याचा. दोन्ही बाजूंचे कापड आडव्या काठीने फाकवून ठेवले, तळ शक्य तितका पसरट ठेवला, बाळ उताणे आणि तोंड उघडे राहील असे पाहिले, आणि झोळी नजरेच्या टप्प्यात बांधली, तर धोका पुष्कळ कमी होतो. रात्री खोपीत मात्र बाळ सपाट अंथरुणावरच असावे. कारखान्याच्या तळावर पाळणाघर चालवणे हा खरा उपाय आहे. साखरशाळांसाठी जेवढा आग्रह धरला गेला, तेवढा या सर्वांत लहान मुलांसाठी धरला गेलेला नाही, हे येथे नमूद केले पाहिजे.

बाळ दगावल्यावर

सर्व काळजी घेऊनही एखादे बाळ झोपेत जाते. अशा वेळी गावात दोन प्रकारचे बोलणे उठते. एक, आईच अंगावर पडली असेल. दोन, परवा टोचले त्यानेच गेले. पहिल्या बोलण्याने एका स्त्रीचे उभे आयुष्य उद्ध्वस्त होते. दुसऱ्याने पुढील सत्राला निम्मी बाळे येत नाहीत. दीड, अडीच व साडेतीन महिन्यांची लस आणि झोपेतील मृत्यूचे वय ही एकाच काळात येतात, म्हणून दोहोंची गाठ सहज पडते. परंतु अनेक देशांतील अभ्यासांत लसीमुळे हे मृत्यू होतात असे आढळलेले नाही. बालमृत्यू अन्वेषणाची पद्धत आता शासनाने घालून दिली आहे. त्या चौकशीत बाळ कोणत्या स्थितीत, कशावर आणि कोणाजवळ झोपले होते याची नोंद व्हावी. मात्र ती विचारणारी व्यक्ती ओळखीची आणि हळुवार असावी, आणि विचारपूस चारचौघांत होऊ नये. सरपंच किंवा मुख्याध्यापक यांनी त्या घरी जाऊन चार शब्द नीट बोलले, तर गावातील कुजबुज जितकी थांबते, तितकी शासकीय पत्रकाने थांबत नाही.

बाळ आपणहून वळू लागल्यावर

चार ते सहा महिन्यांच्या सुमारास बाळ पालथे पडते आणि घरात आनंदीआनंद होतो. त्याच दिवसापासून जागरूक मातेपुढे नवा पेच उभा राहतो. उताणे निजवलेले बाळ मध्यरात्री पाहावे, तर पालथे. रात्रभर जागून ते सारखे उलटे करीत बसावे काय? तसे करण्याची गरज नाही. बाळ उताण्याचे पालथे आणि पालथ्याचे उताणे असे दोन्हीकडे सहज वळू लागले की, ते झोपेत ज्या बाजूस वळेल तसे राहू द्यावे. एकाच बाजूस वळता येत असेल, तोवर मात्र आढळेल तेव्हा हलकेच उताणे करावे. निजवताना वर्ष पूर्ण होईपर्यंत नेहमी उताणेच निजवावे. बाज किंवा पलंगावरचे बाळ आता खाली, चटईवर घ्यावे. पाळण्याच्या दोऱ्या आणि चिमणाळे हाताला लागत असतील, तर ते वर बांधावेत किंवा काढून ठेवावेत.